प्रिंटरची ओटी

"माय, शनिवारी पालकसभा हाय. ह्या बारीला बी मॅडमनी पोरांच्या फायलीत कमी काढलं, तर दोघांला हॉस्टेलात टाकतो आन तुला गावाकडं घेऊन येतो."

माझा लेक भागवत फोनवर असं बोलला. घेऊन येतो म्हणजे काय? मी काय यष्टीत विसरलेली पिशवी आहे?

आमच्या कंधारकडं पोरं शिकवायची म्हणजे लातूरला खोली करायची, आणि खोली केली की आजी पाठवायची. टेम्पोत सामान चढतं तेच मुळी गादी, गॅस, पिठाचा डबा, आजी या क्रमानं. तीन वर्षं झाली, नातू शिवशंकर पाचवीत आणि नात आरती नववीत, यांच्या पाठीमागं मी इथं दोन खोल्यांत राज्य करते. राज्य म्हणते, कारण पोरं माझं ऐकतात, दूधवाला मला भितो, आणि गावाकडं सून जो स्वयंपाक करते तो मला खावा लागत नाही. ते सगळं आता चार कागदांपायी जायची वेळ आली.

गेल्या सभेला आरतीच्या फायलीत नऊ पानं कमी निघाली होती. शाळा रोज संध्याकाळी मोबाईलवर कागद सोडते आणि सकाळी ते कागद छापून मागते. तेही रंगीत, एका बाजूनं, हातानं लिहिलेलं चालणार नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं अख्ख्या गल्लीच्या आया उभ्या. माझा नंबर आला आणि लाईट गेली. हे मी मॅडमना सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "आजी, कारणं नकोत." कारणं! मी चौथी शिकले, पण खरं कुठलं आणि कारण कुठलं एवढं मला कळतं. तिथल्या तिथं ठरवलं, की आता घरातच प्रिंटर आणायचा. झेरॉक्सवाल्यानंच माझ्या दारात यावं अशी सोय करायची.

प्रिंटर घ्यायचा म्हटल्यावर गल्लीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. पहिले आले आमचे घरमालक धोंडप्पा. सल्ला द्यायला विषय माहीत असावा लागतो, हे या माणसाला कुणी सांगितलेलंच नाही.

"सिंधुअक्का, पावडरचा घ्या. लेझर. माझा पुतण्या मल्लिकार्जुन, त्याचं दुरुस्तीचं दुकान हाय. हापिसातनं निघालेला एक देतो म्हणला. लई दणकट. दोघांनी उचलावा लागतोय."

"रंगीत छापतो का?"

"न्हाई, काळं."

"मंग पोरानं पोपट काळा दाखवायचा का?"

"खाली नाव लिहायचं की, पोपट म्हणून."

मी म्हटलं, "धोंडप्पा, दुसऱ्याच्या घरातनं काढून टाकलेलं मी ह्या वयात दारात घेत नसते. आन तुमच्या पुतण्याला सांगा, आमच्या पायरीची वाट बघू नको. आमची मशीन बिघडणारी न्हाई येत."

हे वाक्य मी बोलले तेव्हा मला फार आवडलं होतं.

शेजारच्या पंचशीलाबाई जिल्हा परिषदेत कारकून आहेत. बाई शहाणी. ती म्हणाली, "मावशी, आमच्या हापिसात चार प्रिंटर हायत. साहेब घाईत असला की चारी बंद पडतात. त्यांला माणसाची घाई कळती. तुम्ही कुठला बी घ्या, त्याच्यापुढं घाई दाखवू नका. आन टाकीवाला घ्या, बाटलीनं शाई भरायचा. डबीवाला घेतला तर डब्या बदलत बसाल."

दुकानात गेले. आजवर मी दोन म्हशी, एक बैलजोडी आणि एक सून पसंत केली आहे. त्यातलं एकही परत करावं लागलं नाही. तेव्हा वस्तू कशी पारखायची हे मला काचेच्या दुकानातल्या टाय लावलेल्या माणसानं शिकवायची गरज नव्हती. तो आपला "आज्जी, वायफाय आहे, आज्जी, स्कॅन आहे" करून राहिला. मी विचारलं, "खातो काय?"

"शाई. आणि कागद."

"एका भरणीत किती दिवस काढतो?"

"हजारो पानं, आज्जी."

"आन बसून राहिला तर?"

तो म्हणाला, "बसून राहिला तर आतल्या नळ्या वाळतात. आठवड्यातून एकदा तरी चालवावा लागतो." मी त्या पांढऱ्या पेटीकडं नव्यानं बघितलं. बसून राहिल्यानं आजारी पडणारा दुसरा जीव मी अजून पाहिला नव्हता, मी सोडून. म्हटलं, हाच बांध.

पण खरी गंमत घरी. आरतीनं चार बाटल्यांतून चार रंग भरले. मागच्या बाजूला त्या पेटीचा एक पदर उघडतो, त्यात कोरे कागद उभे केले. कुठंही तार नाही, दोरी नाही. पोरगी पलीकडच्या खोलीत पलंगावर बसून मोबाईलवर बोट ठेवते आणि इकडं पेटीला आपोआप जाग येते. आधी तिनं आत गुरगुर केली, मग घसा साफ केला. मग एक पट्टी इकडून तिकडं, तिकडून इकडं. कोरा कागद आत गेला होता हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि बाहेर महाराष्ट्र निघत होता! वरून नंदुरबार उतरलं. नागपूर आलं. खाली येता येता नांदेड आलं, मग लातूर. नांदेड ते लातूर हा रस्ता मी उभं राहून, बसून, पोरं मांडीवर घेऊन, आजारी नवऱ्याचं डोकं खांद्यावर घेऊन किती वेळा काढलाय. त्या पट्टीनं तो दोन येरझाऱ्यांत काढला. कागद हातात घेतला तर कोमट होता, तव्यावरून नुकत्या काढलेल्या भाकरीसारखा. मी कुणाला सांगितलं नाही, पण गालाला लावून बघितला.

आता शाळेचा हिशेब असा होता. दोघांच्या फायली मिळून चौतीस पानं तुंबलेली. सभा शनिवारी सकाळी. शुक्रवारी वेळ अमावस्या, म्हणजे शाळा बंद, क्लास बंद. सगळी छपाई शुक्रवारी उरकायची असं मी ठरवलं.

बाहेरच्या वाचकाला सांगते, की वेळ अमावस्येला लातुरात माणूस राहत नाही. ज्याचं शेत आहे तो शेतात जातो, ज्याचं नाही त्याला कुणीतरी बोलावून नेतं. कडब्याची कोप, म्हणजे लहान झोपडी करायची, त्यात लक्ष्मी मांडायची, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील खाऊन दुपारी बांधावर आडवं व्हायचं. धोंडप्पानं आदल्या दिवशी रीतसर आमंत्रण दिलं, "अक्का, पोरांला घेऊन चला आमच्या शेतात. औसा रोडलाच हाय, जवळ."

मी म्हटलं, "यंदा जमायचं न्हाई. आमच्याकडं छपाई हाय." लग्न आहे म्हटल्यासारखं म्हटलं.

पण शुक्रवारी पहाटे उठले आणि मला कसंतरी झालं. कळायला लागल्यापासून ह्या दिवशी शेताची पूजा चुकवलेली नाही. इथं शेत नाही, कोप नाही. घरात आशेनं बघावं अशी एकच वस्तू, ती टेबलावर. पोरांचं आणि माझं पुढचं सगळं आज हिच्याच हाती. मी आंघोळ करून तिला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. नवी घरात आलेली, आल्यापासून हिची ओटीसुद्धा भरली नव्हती. मागचा तो पदर तर उघडाच होता, अगदी समोर धरल्यासारखा. मी त्यात ओंजळभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड घातलं, नमस्कार केला. हात काढला तोवर सगळं पोटात गेलेलं. मला तर भरून आलं. इतक्या मनानं ओटी घेणारं मी कुणी पाहिलं नव्हतं.

नऊ वाजता आरतीनं पहिलं पान सोडलं. पेटीनं दात खाल्ल्यासारखा कडकड आवाज केला, कागद अर्धा गिळला, आणि लाल डोळा लावून गप्प बसली.

आरतीनं कंपनीला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा. दाबला. प्रिंटरसाठी चार दाबा. दाबला. गाणं लागलं. ते संपेपर्यंत माझी भाजी निवडून झाली. मग एक बाई फार गोड बोलली, "मशीनच्या मागं किंवा खाली एक नंबर असेल, तो वाचून सांगा." मागं नव्हता. म्हणून मी, घागर उपडी करून बूड बघतात तशी, मशीन उचलून उपडी केली.

"आज्जी, शाई!" आरती ओरडली.

शाई मला कळली ती मांडीवर गार लागली तेव्हा. निळी टाकी माझ्या लुगड्यावर रिकामी झाली, तिथून धोंडप्पाच्या नव्या फरशीवर गेली, आणि फोनवरची बाई गोड आवाजात म्हणत राहिली, "मॅडम, आकडे सांगताय ना?" सांगितले. ती म्हणाली, आपली तक्रार नोंदवली आहे, माणूस तीन दिवसांत येईल. तीन दिवसांत! तोवर मी गावाकडं सुनेच्या हातचं पिठलं खात बसले असते.

शिवशंकर रडायला लागला. आरती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. हळू आवाजात म्हणाली, "आज्जी, हॉस्टेलात दिवा बंद करायची वेळ त्यांची असती. मला उशिरापर्यंत वाचायला लागतंय."

मी पंचशीलाबाईचं दार वाजवलं. तिनं माझं निळं लुगडं, माझं तोंड असं पाळीनं बघितलं. "घाई दाखवली न्हाई ना तिला?" "पूजा केली ग फक्त." "मंग आता दुरुस्तीवालाच पाहिजे." अख्ख्या लातुरात तिला ठाऊक असलेला दुरुस्तीवाला एकच. तिनं फोन जोडला आणि माझ्या कानाला लावला.

"मल्लिकार्जुन बोलतोय. शेतात हाय. कोण?"

काय सांगायचं? मी सांगितलं, "तुझ्या काकाची भाडेकरीण."

 पलीकडून हसू दाबल्यासारखा आवाज, "पायरीची वाट बघू नको म्हणलेल्या अक्का का? आणा इकडंच. आखाड्यावर लाईट हाय."

पंचशीलाबाईनं स्कूटी काढली. मी मागं, मांडीवर प्रिंटर, थंडी लागू नये म्हणून दुलईत गुंडाळलेला. आरती सायकलवर, शिवशंकर तिच्या मागं, त्याच्या पोटाशी कोऱ्या कागदांचा गठ्ठा. रस्त्यावर माणूस नाही. शिवाजी चौक ओलांडला तर चौकात एक कुत्रं उभं, तेही भज्जीला न नेल्यासारखं नाराज. इतकं मोठं शहर एका दिवशी मुकाट्यानं उठून रानात जातं, आणि उरतो कोण? तर एक निळी म्हातारी आणि तिची मशीन. लाज वाटायची सोडून मी आ वासून बघत राहिले.

शेतात पन्नासेक माणूस जेवत होतं. धोंडप्पानं लांबूनच ओळखलं आणि पंगतीत उभा राहून ओरडला, "आल्या, आल्या! बाळ घेऊन आल्या!"

सगळी पंगत वळली. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी मान वर करून गेले आहे. तिथं मात्र मला मांडीवरची पेटी तोंडापुढं धरावीशी वाटली.

मल्लिकार्जुननं हात धुतले, आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या घराच्या ओट्यावर गोणपाट टाकलं आणि मशीन उघडली. भोवती पोरंबाळं, बाया, म्हातारे. आधी त्यानं अर्धा गिळलेला कागद ओढून काढला. मग चिमट्यानं एक तांदूळ. मग दुसरा. मग त्यानं चिमटा ठेवला आणि मशीन हलक्यानं तिरकी केली, तसे गोणपाटावर तांदूळच तांदूळ, त्यामागून सुपारी गडगडली, आणि शेवटी दात्यांत चेपलेलं हळकुंड.

 मल्लिकार्जुन म्हणाला, "अक्का, ह्या धंद्यात मी प्रिंटरमधनं टाचण्या काढल्या, झुरळं काढली, एकदा तर पाल काढली. ओटी पहिल्यांदाच काढतोय."

मग जो हशा उठला तो औशापर्यंत गेला असेल. धोंडप्पाला तर ठसका लागला. माझे कान तापले. मी शिवशंकरचा हात धरला आणि परत फिरणार, तेवढ्यात धोंडप्पाची बायको साखराबाई पुढं आली. पाण्याच्या नळावरून आम्ही दोघी वर्षभर बोलत नव्हतो. कमरेवर हात ठेवून ती त्या सगळ्या बाप्यांवर कडाडली, "दात काय काढायलेत? घरात आलेलीची ओटी न्हाई भरायची तर काय करायचं? तुम्ही ट्रॅक्टर आणल्यावर नारळ फोडला न्हाई का? फोडताना कुणाच्या डोस्क्यावर आपटला होता?" धोंडप्पाचा ठसका बंद झाला. तो नारळ कुणाच्या डोक्यावर आपटला होता, ते त्याच्या कपाळावरच्या व्रणाकडं बघून मला कळलं.

मल्लिकार्जुननं दाते पुसले, नळी फुंकली, तार आखाड्यातल्या बोर्डात लावली. "चालू तर होईल. पण निळा संपलाय. मिळंल ते रंग घ्या."

आणि ज्वारीच्या उभ्या पिकात, कोपीपासून वीस पावलांवर, माझ्या मशीननं घसा साफ केला. पहिलं पान आलं, आरतीच्या फायलीतलं माणसाचं काळीज. लालभडक, नळ्यांसकट. हसणाऱ्या बाया पुढं सरकल्या. एका म्हातारीनं छातीवर हात ठेवून विचारलं, "आपल्या बी आत असंच असतंय का ग?" आरतीनं बोट ठेवून दाखवलं, इथनं रक्त जातं, इथनं येतं. म्हातारी म्हणाली, "आन एवढ्या कागदात मावलं?" मग कुणी परत जेवायला बसेना. पान आलं की एक जण धरायचा, दुसऱ्याकडं द्यायचा, तो तिसऱ्याकडं. सगळी पंगत हातात हळदीचे डाग असताना तो कागद दोन्ही कडांनी, डाग लागू नये असा उचलत होती. मी पाहिलं आणि माझा राग कुठं गेला तेच कळेना.

शिवशंकरनं मोबाईलवर शोधून काढलेलं जंगल मात्र पिवळं-तांबडं आलं. निळा नाही म्हटल्यावर हिरवा कुठून येणार? त्यानं परत ओठ काढला. मी कागद बघितला. माझी धाकटी बहीण किनवटला दिलेली. तिकडचं सागाचं रान चैत्रात मी पाहिलंय, अगदी असंच. म्हटलं, "खाली लिहाय लाव आरतीला. किनवटचं जंगल, उन्हाळ्यात." चौतिसावं पान आलं तेव्हा साखराबाईनं माझ्या हातात आंबिलीचा गडू ठेवला. दोघींनी नळाचा विषय काढला नाही.

शनिवारी सभेत मॅडमनी फायली उलगडल्या. एकेक पान मोजलं. भागवत शेजारी, हाताची घडी घालून. जंगलापाशी मॅडम थांबल्या. "सगळ्यांची जंगलं हिरवीगार आलीत, नेटवरच्या एकाच जागेवरून उतरवलेली. पानगळ फक्त ह्यानं दाखवली. कुणी सांगितलं रे?" शिवशंकरनं माझ्याकडं बोट केलं. मॅडमनी फायलीवर सही केली. काही कमी निघालं नाही.

मी जिंकले असं समजून घरी आले. पण भागवत माझाच लेक. जिन्यात त्याला धोंडप्पा भेटला, आणि काय घडलं ते रंगवून सांगितलं: स्कूटी, दुलई, हळकुंड सगळं. भागवत वर आला तो तोंड बारीक करून.

"माय, मॅडम चांगलं बोलल्या. खरंय. पण दर बारीला तू असं मशीन मांडीवर घेऊन रानोमाळ फिरणार का? पडलीस तर? मी हॉस्टेलचा फॉर्म बघून ठेवलाय. आज शेवटची तारीख. छापून, सही करून द्यायचाय." मग इकडं तिकडं बघत म्हणाला, "झेरॉक्सवाल्याकडं लई गर्दी हाय. तुझ्याच मशीनवर काढ की."

पोरं क्लासला गेलेली. घरात मी, तो आणि ती पेटी.

बघा माझी गत. मशीन चालत नाही म्हणावं, तर म्हातारीला जमत नाही हे मी माझ्या तोंडानं कबूल केलं. आणि चालते म्हणावं, तर पोरांना घरातून काढायचा कागद मी माझ्या हातानं छापायचा. आजवर मी एकदाही ती एकटीनं चालवली नव्हती; आरतीच्या बोटांकडं नुसती बघत आले होते.

मी पदर खोचला. "सोड माझ्या मोबाईलवर," म्हटलं. त्यानं सोडला. मी चष्मा लावला. वरचे तीन ठिपके. मग पेटीचं चित्र. मग खालचं गोल बटण. मागच्या पदरात कागद उभा केला, आत दुसरं काही नाही ना हे बोटानं चाचपलं. पेटीनं गुरगुर केली. काळी शाई शाबूत होती. पट्टी फिरली आणि पानाच्या माथ्यावर हॉस्टेलचं नाव ठळक उतरलं. एक अक्षरसुद्धा फिकं नाही. दुसरं पान आलं. दोन्ही मी टेबलावर आपटून सारखी केली, त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "घे. आजून किती पाहिजेत?"

भागवतनं कागद बघितलाच नाही. तो माझ्या बोटांकडं बघत होता. लहानपणी मी त्याच्या पाटीवर पहिला श्री काढला होता, तेव्हा बघत होता तसा. कागद हातात धरून खाटेवर बसला तो बसलाच. पेन मागितला नाही. मीही दिला नाही.

क्लास सुटून शिवशंकर आला, दप्तर फेकलं. "आज्जी, कागद दे. भागाकार करायचेत."

मी उठायच्या आत भागवतनं हातातली दोन्ही पानं उलटी केली आणि पोरापुढं सरकवली. "हे घे. पाठकोरी हायत."

शिवशंकरनं त्यावर भागाकार मांडला. तिघंही त्याच्याकडंच बघत होतो, म्हणजे मी, भागवत आणि ती पेटी. मग भागवत खाली मान घालून म्हणाला, "माय, त्या दोन पानांला शाई किती गेली असंल?"

मी पीठ काढायला उठले. "लई गेली," म्हटलं. "फुकट घालवलीस."